वीज परत आल्यावर : भाटघरची दारं, पंपाचा स्टार्टर आणि घरातलं सीएनसी

(बोललेल्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

मागच्या काही भागांत आपण यंत्रांच्या इतिहासावर बोलतोय, आणि त्यावर एका ऐकणाऱ्याने विचारलं, "तुम्ही भोरचे ना? मग भोर-वेल्ह्याचं काही सांगा की. का तिकडे यंत्रांचा इतिहासच नाही?" प्रश्न चिमटा काढायला विचारलेला होता, पण चांगला आहे. आमच्याकडे किल्ले विचारा, घाट विचारा, आंबेमोहर विचारा, लोक तासभर बोलतील. यंत्राचं नाव काढलं की सगळे पुणे-सातारा रस्त्याकडे बोट दाखवतात, म्हणजे खेड शिवापूर, शिरवळ, तिथले कारखाने. पण मला आज कारखान्यांबद्दल बोलायचं नाही. घराच्या पडवीत, गोठ्याशेजारच्या खोलीत जी छोटी सीएनसी मशीन्स बसायला लागलीत, त्यांच्याबद्दल बोलायचंय. त्यातही मशीनच्या मुख्य भागाबद्दल नाही. त्याला जी बाकीची उपकरणं जोडतात, स्पिंडल, धूळ ओढणारा व्हॅक्यूम, पाण्याचा पंप, दिवा, ती चालू-बंद कोण करतं आणि कसं, एवढाच विषय. ऐकायला किरकोळ वाटेल. हा 'किरकोळ' शब्द पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणारं कापायचं यंत्र. आपण बोलतोय ते राउटर जातीचं: खाली फळी, वर गरगर फिरणारं कटर, आणि ते कटर डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली नेणाऱ्या तीन मोटरी. कटर फिरवणारी जी चौथी मोटर, तिला स्पिंडल म्हणतात. बोटं जातात ती हिच्यामुळे.

आमच्याकडे ही मशीन्स आली त्याला एक कारण गणपती आहे. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, आणि मखरं पुठ्ठ्याची, लाकडाची, एमडीएफची व्हायला लागली. एमडीएफचं मखर सुट्या भागांत कापायचं, खाचेत खाच बसवून उभं करायचं, विसर्जनानंतर परत सपाट करून माळ्यावर टाकायचं. हे काम सीएनसीचंच. त्याच्या जोडीला घराच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, गडाचा नकाशा कोरलेली फळी. एखाद्या पोराने छंद म्हणून घेतलेलं टेबलावरचं छोटं मशीन श्रावणापासून कमाई करायला लागतं. मग मोठा स्पिंडल हवा, मग व्हॅक्यूम हवा, कारण एमडीएफची धूळ नुसती घाण नसते, छातीला वाईट असते. आणि मग बोर्ड बदलायची वेळ येते.

वेल्ह्याच्या बाजूला (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच) माझ्या ओळखीचा एक पोरगा असंच मशीन चालवतो. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. जुलै महिना, पाऊस धो धो, मखराचं काम चाललेलं, आणि वीज गेली. तिकडे पावसात वीज जाणं ही बातमी नसते. मशीन थांबलं. हा म्हणाला, थांबलंच आहे तर कटर बदलून घेऊ. स्पिंडल म्हणून त्याने हातात धरायचा ट्रिम राउटर बसवलेला, त्याचं बटण दाबून 'चालू' वर अडकून राहणारं, आणि प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. पाना लावून तो चिमटा सैल करत होता आणि वीज आली. राउटर पूर्ण वेगाने सुरू. पाना उडाला, अंगठ्यावरची कातडी सोलली गेली. कटर सैल झालेलं असल्याने ते बाजूला फेकलं गेलं आणि कुणाला लागलं नाही. चार टाके.

मला सांगायला आला तेव्हा तो बोर्डाला शिव्या देत होता. बोर्डाचा काहीच संबंध नव्हता. बोर्डाला बिचाऱ्याला स्पिंडल अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं. जवळ त्याचे आजोबा बसलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग त्याला स्टार्टर का नाही लावला रे बाळा? विहिरीवरच्या मोटारीला असतो तसा?"

त्या प्रश्नाने मी या सगळ्या इतिहासाकडे परत बघायला लागलो.

सीएनसीची गोष्ट नेहमी अमेरिकेतून सुरू करतात. जॉन पार्सन्स नावाचा माणूस, मिशिगनमधला, हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करणारा. पात्याचा वक्र अचूक कापायचा तर पुष्कळ बिंदू आकडेमोडीने काढून यंत्राला त्या त्या बिंदूवर न्यायचं, अशी त्याची कल्पना. अमेरिकन हवाई दलाने पैसे दिले, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत गेलं, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये पंच केलेल्या कागदी पट्टीवरून चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. निर्वात नळ्या आणि रिले यांनी भरलेलं त्याच्या कंट्रोलचं कपाट खुद्द मशीनहून मोठं होतं.

हे कपाट लक्षात ठेवा. इतिहास लिहिणारे पट्टीबद्दल लिहितात, गणिताबद्दल लिहितात, कपाटाबद्दल कोणी लिहीत नाही.

पुढे या हुकमांची एक भाषा ठरली. ती आजही चालते, जी-कोड म्हणतात तिला. 'जी' ने सुरू होणारे हुकूम हालचालीचे: सरळ जा, वर्तुळात जा, थांब. आणि 'एम' ने सुरू होणारे? एम ३ म्हणजे स्पिंडल फिरव, एम ५ म्हणजे बंद कर, एम ८ म्हणजे थंड करायचं पाणी सोड, एम ९ म्हणजे बंद कर. हा 'एम' आहे 'मिसलेनियस' मधला. मिसलेनियस म्हणजे किरकोळ. इतर. संकीर्ण. बोट तोडू शकणारी गोष्ट सुरू करायचा हुकूम भाषेच्या 'किरकोळ' खात्यात आहे!

कारखान्यात यामुळे काही बिघडलं नाही. कारण तिथे एम ३ हा हुकूम थेट स्पिंडलपर्यंत पोचतच नव्हता. तो पोचायचा कपाटात. कपाटात कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, दाराला लावलेला स्विच, लाल बटण अशी साखळी. साखळीतली एक कडी जरी सुटली तरी हुकूम वाया. संगणकाने काहीही म्हणू दे, कपाट 'नाही' म्हणू शकत होतं. हे कपाट बांधणारे लोक होते वायरमन आणि पॅनेल बनवणारे. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत.

आता एकदम चाळीसेक वर्षं पुढे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मानक संस्थेत, निस्टमध्ये, साध्या संगणकावर चालणारा एक खुला कंट्रोलर लिहिला गेला. आजचं लिनक्स-सीएनसी त्याचंच वंशज. मग हौशी लोकांनी संगणकाचं प्रिंटरचं पोर्ट, ते पंचवीस पिनांचं, मोटरींना जोडायला सुरुवात केली. छंदाची सुरुवात इथली. आणि कपाट हरवलं तेही इथेच. हौशी माणसाने कारखान्याची भाषा घेतली, कोड घेतला. कपाट घेतलं नाही. ते महाग होतं, जड होतं, आणि खरं म्हणजे ते कशासाठी आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पण अडचण लगेच उभी राहिली. संगणक सुरू होताना प्रिंटर पोर्टच्या पिना वाटेल तशा वर-खाली होतात. प्रिंटरला त्याने फरक पडत नाही. त्याच पिनेला रिले लावून स्पिंडल जोडलात तर संगणक चालू केल्या केल्या स्पिंडल फिरणार. यावर जो तोडगा निघाला तो मला फार आवडतो. त्याला 'चार्ज पंप' म्हणतात. सॉफ्टवेअर जिवंत आणि शुद्धीत असेल तोवर ते एका पिनेवर सारखे ठोके पाठवत राहतं, सेकंदाला हजारो. बाहेरचं छोटं सर्किट हे ठोके मोजत नाही, नुसतं 'येतायत ना' एवढं बघतं. ठोके थांबले, म्हणजे संगणक लटकला किंवा बंद पडला, की सर्किट मेन रिले सोडून देतं. पिन वर आहे का खाली आहे याच्यावर विश्वासच ठेवायचा नाही. नाडी लागते का, एवढंच बघायचं. वैद्यबुवांसारखं.

हा तोडगा पुढच्या पिढीत विसरला गेला. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडने 'जीआरबीएल' लिहिलं. अर्दुइनोच्या एवढ्याशा चिपवर अख्खा सीएनसी कंट्रोलर. त्यानंतर सनी जिऑनने ते पुढे नेलं. आज आपल्याकडे जी स्वस्त टेबलावरची मशीन्स मिळतात त्यातल्या बहुतेकांच्या पोटात हेच असतं. या माणसांनी फुकट वाटलेल्या कामावर किती घरं चालली असतील याचा हिशोब नाही, त्यामुळे पुढचं बोलणं तक्रार म्हणून घेऊ नका.

चिपवर पिना मोजक्या. प्रत्येक पिनेला काम वाटून दिलेलं. सुरुवातीच्या आवृत्तीत १२ नंबरची पिन स्पिंडल चालू करायची आणि ११ नंबरवर वर-खाली जाणाऱ्या अक्षाचा लिमिट स्विच. ०.९ आवृत्तीत स्पिंडलचा वेग कमी-जास्त करायची सोय आली. त्यासाठी लागणारा सिग्नल ११ वरूनच निघू शकत होता, म्हणून दोन्हींची अदलाबदल केली. कारण रास्त. पण तोवर बाजारात जुन्या पद्धतीने छापलेले शील्ड बोर्ड भरपूर गेलेले, आणि त्यांच्या नकला अजून निघतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तुम्ही बोर्ड घेतला, त्यावर एका कोपऱ्यात स्पिंडल छापलंय, तिथे रिले लावला, तर खरं म्हणजे तुम्ही लिमिट स्विचच्या जागेवर रिले लावलाय. एम ३ दिला, काही होत नाही. माणूस रिले बदलतो, वायर बदलतो, शेवटी बोर्ड बदलतो. छापलेल्या अक्षराला आपण फार मानतो.

दुसरी गंमत निळ्या रिलेची. सगळ्यांनी पाहिलाय तो, निळी डबी, लाल दिवा, वर दहा अँपिअर लिहिलेलं. व्हॅक्यूमसाठी जीआरबीएलची ए ३ ही पिन घ्यायची, एम ८ ने चालू, एम ९ ने बंद. सोपं आहे. फक्त यातले बरेच रिले बोर्ड उलटे असतात: पिनेवर व्होल्टेज आलं की बंद, गेलं की चालू. जीआरबीएलच्या भाषेत 'बंद' म्हणजे शून्य व्होल्ट. म्हणजे मशीनला वीज दिली की जीआरबीएल शहाण्यासारखं म्हणतं 'व्हॅक्यूम बंद', आणि रिले ऐकतो 'चालू'. व्हॅक्यूम असेल तर निदान आवाज येतो, माणूस दचकतो, बस्स. त्याच जागी स्पिंडल असेल तर? कोडमध्ये ही पिन उलटी करायची सोय आहे, किंवा रिलेचाच दुसऱ्या जातीचा बोर्ड घ्यावा. मी दुसरं करतो. कोडमधली सोय पुढच्या वेळी बोर्ड बदलताना विसरली जाते.

तिसरी गोष्ट १३ नंबरच्या पिनेची. ती स्पिंडलची दिशा बदलायला दिलेली, पण अर्दुइनोवरचा छोटा दिवाही तिलाच जोडलेला. बोर्ड रिसेट झाला की सुरुवातीला तो दिवा लुकलुकतो. त्या पिनेला कोणी रिले लावला असेल तर तो रिलेही टकटक करतो. आणि बोर्ड रिसेट कधी होतो? लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडून केबल जोडली की प्रत्येक वेळी.

दहा अँपिअरबद्दल एक वाक्य. ते हिटरसारख्या शांत भाराचे असतात. व्हॅक्यूमची मोटर सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट ओढते, आणि बंद होताना ठिणगी टाकते. पाच-पन्नास वेळा झालं की रिलेचे टोक एकमेकांना चिकटतात, आणि मग एम ९ देत बसा. छोट्या रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची, कॉन्टॅक्टरने मोटर. मुनीम आणि हमाल वेगळे.

आता आजोबांच्या स्टार्टरकडे येऊ.

विहिरीवर जो स्टार्टर असतो, हिरवं बटण, लाल बटण, त्याच्या आत काय असतं? एक कॉइल. हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, ती लोखंड ओढते, मोटर सुरू होते. बोट काढल्यावरही मोटर चालू राहते, कारण ओढल्या गेलेल्या लोखंडाने स्वतःसाठीच एक वेगळी वाट जोडून घेतलेली असते. स्वतःचा हात स्वतःच धरून उभं राहायचं तसं. वीज गेली की हात सुटतो. आणि मुद्दा हा, की वीज परत आली तरी तो हात आपोआप धरला जात नाही. माणसाने येऊन हिरवं बटण दाबावं लागतं. यात चिप नाही, प्रोग्रॅम नाही. शंभरेक वर्षं जुनी कल्पना आहे, आणि भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक मोटारीच्या खोपट्यात, पालीच्या शेपटीसकट, टांगलेली आहे.

आणि आपल्याच लोकांनी तिचं काय केलं तेही सांगतो. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते. बटण दाबायला कोण जाणार, अंधारात, चिखलात, विंचवा-सापातून? म्हणून ऑटो-स्विच आले. वीज आली की स्टार्टरचं हिरवं बटण आपोआप दाबल्यासारखं करणारी डबी. सोय तर झाली. पण मग वीज आली की फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, सुरुवातीचा तो जादा प्रवाह सगळ्या एकाच क्षणी ओढतात, आणि रोहित्र जळतं. डीपी जळाला की आठ-पंधरा दिवस पाणी बंद. 'ऑटो-स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा' हे आवाहन महाराष्ट्रात किती वर्षं चाललंय! लोक काढत नाहीत. मी त्यांना दोष देणार नाही, रात्री दोनला विहिरीवर जाणाऱ्याने ठरवावं. पण वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं की माणसाची वाट बघायची, हा प्रश्न आमच्याकडे शेतकरी चाळीस-पन्नास वर्षं रोज सोडवतोय. सीएनसीवाल्या पोरांना तो मागच्या पावसाळ्यात भेटला.

आणि त्याच्याही आधी तो धरणावर भेटलेला आहे. भोर तालुक्यातलं भाटघर. वेळवंडी नदीवरचं, येसाजी कंक जलाशय. १९२० च्या दशकातलं हे धरण, ब्रिटिश कागदांत लॉइड डॅम. (पाणी जातं नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे, ऊस तिकडे पिकतो, आम्ही पूल आणि लाटा बघतो. असो.) या धरणाला एक्याऐंशी दारं आहेत आणि त्यातली पंचेचाळीस स्वयंचलित. दर पावसाळ्यात बातमी येते, भाटघर भरलं, स्वयंचलित दारं उघडली. वाचणाऱ्याला वाटतं कुठेतरी संगणक असेल.

या जातीच्या दारांचं तत्त्व असं. दार एका टोकाला, दुसऱ्या टोकाला वजन, तराजूसारखं. वजन एका हौदात लोंबतंय. जलाशयाचं पाणी ठरलेल्या पातळीच्या वर आलं की पाइपातून ते हौदात शिरतं. पाण्यात बुडालेलं वजन हलकं होतं, हे विहिरीतून कळशी काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तराजू कलतो, दार उघडतं. पातळी उतरली की हौदाला पाणी येणं थांबतं, असलेलं छोट्या भोकातून निथळतं, वजन परत जड होतं, दार मिटतं. पाणीच मोजणारं आणि पाणीच उघडणारं. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या भाटघर धरणावरही अशा दारांचा प्रयोग झालेला होता. आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, जे तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात पुण्याला होते, त्यांनी स्वतःची स्वयंचलित दारं खडकवासल्याला बसवली, १९०३ मध्ये. पेटंट घेतलेलं होतं त्यांनी.

मला यातलं कौतुक 'आपोआप'चं नाही. कौतुक याचं, की रचना करणाऱ्याने सगळ्यात वाईट रात्र धरून विचार केलाय. पूर कधी येतो? मुसळधार पावसात, रात्री, रस्ते तुटलेले, तारा पडलेल्या, दारावरचा माणूस पोचू शकत नाही तेव्हा. म्हणजे ज्या क्षणी यंत्राची गरज सर्वांत जास्त, त्याच क्षणी बाहेरची मदत सर्वांत कमी. म्हणून धरणाच्या दाराने मदत नसताना स्वतः उघडायचं. आणि सीएनसीच्या स्पिंडलने? मदत नसताना बंद राहायचं. दोन उत्तरं उलटी आहेत, प्रश्न एकच आहे. पंपाचं उत्तर तर शेतकऱ्यागणिक बदलतं. म्हणून बोर्ड विकत घ्यायच्या आधी, प्रत्येक उपकरणाचं नाव कागदावर लिहून पुढे लिहा: वीज गेली तर हे कुठल्या अवस्थेत हवं? परत आली तर? स्पिंडल: बंद, बंदच. लेझर असेल तर: बंद, बंदच. व्हॅक्यूम: चाललं सुरू झालं तरी, पण नकोच. वर-खाली अक्षाचा ब्रेक, असेल तर: वीज गेली की लागायला हवा, सुटायला नको. दिवा: चालू झालेला बरा, अंधारात कटर चाचपण्यापेक्षा.

हेही सांगायला हवं की स्वयंचलित म्हणजे अमर नाही. १२ जुलै १९६१ ला आमच्या वेल्हे तालुक्यातलं पानशेत फुटलं, आणि तो लोंढा खडकवासल्यावर आला. विश्वेश्वरय्यांची दारं पावसाच्या पुरासाठी होती, वरचं अख्खं धरण अंगावर येईल यासाठी नव्हती. खडकवासलाही गेलं. पुढचं पुण्याला माहीत आहे.

तर त्या पोराच्या मशीनचं आम्ही काय केलं ते सांगतो, कारण मेलमध्ये तेच विचारणार तुम्ही.

जुना स्टार्टर घरात पडलेलाच होता, पण त्याची कॉइल तीन फेजवाली, ४१५ व्होल्टची. घरात एक फेज, २३०. म्हणून २३० च्या कॉइलचा कॉन्टॅक्टर आणला आणि हिरवं-लाल बटण तेच ठेवलं. बोअरच्या सबमर्सिबलचा जो सिंगल फेज पॅनेल मिळतो तो मात्र यासाठी उचलून आणू नका, त्यात कॅपॅसिटर असतात, ते त्या पंपाच्या मोटरसाठी. कॉइलच्या वाटेत, मालेत, एक लाल मशरूम बटण घातलं, दाबलं की तुटणारं. बऱ्याच बोर्डांवर 'रिसेट' किंवा 'अबॉर्ट' म्हणून पिन असते आणि लोक लाल बटण तिलाच लावतात. ती पिन म्हणजे चिपला केलेली विनंती आहे. चिपच लटकली असेल तर विनंती ऐकणार कोण? लाल बटणाने वीजच तोडली पाहिजे. आता स्पिंडल आणि व्हॅक्यूमची वीज या कॉन्टॅक्टरमधून जाते, आणि त्याच्या पुढे बोर्डाचे रिले. म्हणजे स्पिंडल फिरायला माणसाचं हिरवं बटण आणि प्रोग्रॅमचा एम ३, दोघांचं एकमत लागतं. वीज गेली, दोन्ही सुटतात. आली, दोन्ही गप्प.

लिमिट स्विचही उलटे केले: नेहमी जोडलेले, टेकल्यावर तुटणारे. उंदराने वायर कुरतडली तर (वेल्ह्यात ही शक्यता पुस्तकी नाही) मशीनला लगेच कळतं. उघड्या जातीचा स्विच असता तर तुटलेल्या वायरीचा पत्ता धडक बसल्यावर लागला असता. जीआरबीएलमध्ये यासाठी डॉलर ५ ही सेटिंग बदलायची. होमिंगही चालू केलं. त्याचा एक फायदा असा की वीज परत आली की जीआरबीएल कुलूपबंद अवस्थेत उठतं, आणि होमिंग केल्याशिवाय किंवा मुद्दाम कुलूप काढल्याशिवाय काम पुढे करत नाही. स्कोग्सरुड-जिऑन मंडळींना प्रश्न माहीत होता, हे यातून दिसतं. भिंतीतल्या सॉकेटपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता इतकंच.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एम ८, मग जी ४ ने तीन सेकंद थांबा, मग एम ३. म्हणजे व्हॅक्यूम आधी, स्पिंडल नंतर. दोन मोटरींची सुरुवातीची ओढ एकाच वेळी नको. डीपीचाच धडा, घरगुती आकारात.

पुणे जिल्ह्यात या गोष्टी शिकायची जागा नाही असं मात्र नाही. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या बरोबरीने तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. पट्टीवरच्या मशीनची एमआयटी आणि ही एमआयटी एकच. १९५२ ला ज्या संस्थेत कपाट मशीनहून मोठं होतं, तिनेच पन्नास वर्षांनी टेबलावर मावणारी मशीन्स पाबळला आणली. कलबागांचा आग्रह मात्र आधीपासून वेगळा होता: शाळेतल्या मुलाने वायरिंग, वेल्डिंग, शेती, बांधकाम हे हाताने करत करत विज्ञान शिकावं. कोड लिहिणाऱ्याला स्टार्टर उघडता आला पाहिजे, हे मी माझ्या शब्दांत म्हणतोय, पण रोख तोच. भोर-वेल्ह्यात आयटीआय झालेली वायरमन पोरं आहेत, आणि कॉम्प्युटर शिकलेली पोरं आहेत. दोघं एकाच चहाच्या टपरीवर बसतात आणि एकमेकांच्या कामाबद्दल कधी बोलत नाहीत.

आता तो पोरगा बोर्ड बदलतोय. आठ बिटांची चिप गेली, ईएसपी ३२ वरचं फ्लुइड-एनसी येतंय. छान आहे ते. कुठली पिन कशासाठी हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, वायफायवरून काम पाठवायचं, ११ आणि १२ चं जुनं भांडण संपलं. फक्त या चिपच्या ५, १४ आणि १५ नंबरच्या पिना चालू होताना क्षणभर आपोआप हलतात. प्रिंटर पोर्टसारख्याच. त्याला सांगितलंय, या तिन्हींवर स्पिंडलचा रिले लावायचा नाही, लावायचाच तर दिवा लाव. आणि पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, पाच व्होल्टचा निळा रिले त्यांच्यावर कधी ओढेल कधी नाही, मध्ये एक ट्रान्झिस्टर किंवा बफर घाल.

परवा त्याचा फोन आला. बोर्ड चालला, रिले नीट चाललेत, हे सांगितलं आणि मग जरा घुटमळून विचारलं, "दादा, रात्रीची मोठी कामं लावून झोपायचं असेल, तर वीज आल्यावर आपोआप परत सुरू होईल असं काही करता येईल का?"

आजोबांना विचार म्हटलं.